नदी-नौकानयनातील बोये

नदी, खाडी, कालवा किंवा जलाशय यांतून नावांना सुरक्षितपणे जाता यावे म्हणून खोल पाण्याच्या कडा, उथळ जागा, बुडालेले अडथळे व मार्गाचे फाटे दाखविणाऱ्या आणि तळाशी साखळीने बांधून ठेवलेल्या तरंगत्या खुणांना बोये असे म्हणतात. ‘बोया’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असून कोकण किनाऱ्यावरील खलाशांच्या बोलीतून तो मराठीत रूढ झाला. तीरावर किंवा उथळ पाण्यात पक्क्या रोवलेल्या खांबांनाही हेच काम असते. मात्र त्यांना बोये न म्हणता स्थिर खुणा म्हणतात.

नदीचा पृष्ठभाग बहुधा सर्वत्र सारखा दिसतो. तळ तसा नसतो. बोया ही त्या न दिसणाऱ्या तळाची पृष्ठभागावर केलेली नोंद होय. तथापि ज्या दिवशी खोली मोजली गेली त्या दिवसापुरतीच ती पूर्णपणे खरी असते. वैनगंगेसारख्या वालुकामय व पावसाळी नद्यांत तळ दरवर्षी बदलतो. त्यामुळे नाव रुतू नये यासाठी बोयांचे नियम जाणणे जितके आवश्यक, तितकेच नदीचा स्वभाव ओळखणेही आवश्यक असते.

इतिहास : स्पेनमधील ग्वादलक्विव्हिर नदीतून सेव्हिलकडे जाणाऱ्या मार्गावरील बोयाचा उल्लेख तेराव्या शतकाच्या अखेरीस आढळतो. प्रारंभीचे बोये म्हणजे साखळीने बांधलेली लाकडी पिंपे किंवा ओंडके असत. पुढे लोखंडी व पोलादी बोये आले. प्रत्येक देशाने, काही ठिकाणी प्रत्येक बंदरानेही, स्वतःचे रंग व आकार ठरविल्यामुळे एका देशात सुरक्षित बाजू दाखविणारा रंग दुसऱ्या देशात धोक्याची बाजू दाखवू लागला. १९३६ मध्ये राष्ट्रसंघाच्या विद्यमाने जिनीव्हा येथे एकसूत्री पद्धतीचा करार तयार झाला. पण दुसऱ्या महायुद्धामुळे तो अपुराच राहिला. १९७० च्या सुमारास जगात तीसहून अधिक पद्धती प्रचारात होत्या.

या गोंधळाची किंमत १९७१ च्या आरंभी डोव्हरच्या सामुद्रधुनीत दिसून आली. तेथे ‘टेक्साको कॅरिबियन’ हे जहाज टक्कर होऊन बुडाले. त्याच्या सांगाड्यावर आदळून ‘ब्रँडेनबर्ग’ हे जहाज बुडाले. जागेवर खुणा लावल्यानंतरही काही आठवड्यांनी ‘निकी’ हे तिसरे जहाज त्याच सांगाड्यांवर आदळले. या तिन्ही घटनांत मिळून ५१ माणसे मृत्युमुखी पडली. खुणा असणे पुरेसे नसून त्यांचा अर्थ पाहणाऱ्यास तत्काळ व निःसंदिग्धपणे कळला पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला. दीपगृह प्राधिकरणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७७ पासून नवी पद्धत अंमलात आणण्यास आरंभ केला व १९८० मध्ये टोकिओ येथील परिषदेत जगाचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन विभाग मान्य झाले. भारत ‘अ’ विभागात येतो. उत्तर व दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया व फिलिपीन्स हे ‘ब’ विभागात आहेत.

नाव रुतण्याची कारणे : नावेचा जो भाग पाण्याखाली असतो त्याच्या उंचीस तिची बुडीत खोली म्हणतात. भार वाढला की ही खोली वाढते. नावेचा तळ व नदीचा तळ यांच्यातील अंतर हे राखीव पाणी होय. ते शून्य झाले की नाव रुतते. नाव थांबलेली असताना पुरेसे वाटणारे राखीव पाणी ती वेगात असताना कमी पडू शकते. कारण उथळ व अरुंद पात्रात नावेखालून वेगाने सरकणाऱ्या पाण्याचा दाब घटतो आणि नाव खाली बसते. म्हणून उथळ जागी वेग कमी करणे हा पहिला नियम मानला जातो. नावेमागच्या लाटा एकाएकी मोठ्या व उभट होणे, सुकाणू जड लागणे किंवा यंत्राचा वेग न बदलता नाव मंदावणे ही तळ जवळ आल्याची लक्षणे होत.

नदीतील खोल धार सरळ वाहत नाही. वळणावर प्रवाह बाहेरच्या तीराला घासून जातो. तेथे तळ खोल होतो व दरड ढासळते. आतल्या तीराजवळ प्रवाह मंद असल्यामुळे रेती साचून दांडा तयार होतो. एका वळणावरून उलट्या वळणाकडे जाताना खोल धार एका तीराकडून दुसऱ्या तीराकडे तिरकस ओलांडते. हा ओलांडीचा पट्टा दोन्ही वळणांपेक्षा उथळ असतो आणि बहुतेक नावा येथेच रुततात. म्हणून कुशल नावाडी वळणाचा आतला कोपरा कापून जवळची वाट धरीत नाही. लांबची वाट त्याला सुरक्षित असते.

वैनगंगेचे पात्र या दृष्टीने बोलके आहे. मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी बावनथडी, कन्हान, चुलबंद इत्यादी उपनद्यांचे पाणी घेत भंडारा जिल्ह्यातून दक्षिणेकडे वाहते. पुढे वर्धा नदीशी तिचा संगम झाल्यावर ती प्राणहिता या नावाने गोदावरीस मिळते. तिच्या पाण्याचा मोठा भाग पावसाळ्याच्या चार महिन्यांत वाहून जातो. पुरात रेतीचे दांडे सरकतात, जुनी धार बुजते व नवी पडते. पाणी ओसरल्यावर डोह तेवढे खोल राहतात आणि त्यांच्यामधले पट्टे गुडघाभर पाण्याचे होतात. रेतीच्या उपशामुळे पात्रात पडणारे खड्डे व त्यांच्या कडेचे उंचवटे यांची त्यात भर पडते. डोंग्यातून मासेमारी करणारे ढिवर लोक लांब बांबूने तळ चाचपीत, पाण्यावरील लहरी व रंग पाहत मार्ग काढतात. सपाट तळाच्या हलक्या डोंग्याला हे पुरते. यंत्रावर चालणाऱ्या जड प्रवासी नावेला मात्र अशा अंदाजावर अवलंबून राहता येत नाही.

रचना : बोयाचे तरंगते अंग, ते जागी धरणारी साखळी किंवा दोर आणि तळावरील काँक्रीटचे वा ओतीव लोखंडाचे वजन असे तीन मुख्य भाग असतात. तरंगते अंग पोलादी पत्र्याचे, काच-तंतूंचे किंवा पॉलिएथिलिनाचे करतात. त्यावर दुरून ओळखू येणारे शिरचिन्ह, प्रकाश परावर्तित करणारी पट्टी आणि रात्रीच्या वाहतुकीसाठी सौर ऊर्जेवर चालणारा दिवा बसवितात. जोराच्या प्रवाहात बोया आडवा पडू नये किंवा पाण्याखाली ओढला जाऊ नये म्हणून नदीतील बोयांचे अंग पुष्कळदा होडीसारखे निमुळते ठेवतात.

साखळीची लांबी पाण्याच्या खोलीपेक्षा जास्त असते. त्यामुळे बोया एका जागी न राहता वजनाभोवती काही अंतरात फिरतो. पाणी ओसरले की साखळी सैल पडते व हे वर्तुळ मोठे होते. अशा वेळी बोया स्वतःच उथळ जागेवर सरकलेला असू शकतो. या कारणाने बोयाला अगदी घासून नाव नेऊ नये. त्याला नाव बांधणे तर सर्वथा वर्ज्य आहे; कारण वजन सरकले की त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक नावेला तो चुकीची वाट दाखवितो.

रंग, आकार व दिशा : मार्गाच्या दोन कडा दाखविणाऱ्या बोयांना पार्श्वबोये म्हणतात. त्यांचा अर्थ लावण्यासाठी प्रथम दिशा ठरवावी लागते. समुद्राकडून आत, म्हणजे खाडीतून व नदीतून उगमाकडे जाणे, ही रूढ दिशा मानली आहे. ‘अ’ विभागात या दिशेने जाणाऱ्या नावेच्या डाव्या हाताला लाल रंगाचे, डब्याच्या आकाराचे बोये राहतात. उजव्या हाताला हिरव्या रंगाचे, शंकूच्या आकाराचे बोये राहतात. रात्री त्यांच्यावर अनुक्रमे लाल व हिरवा दिवा असतो. प्रवाहाबरोबर खाली येताना हे उलटते : लाल उजवीकडे व हिरवा डावीकडे येतो. ‘ब’ विभागात रंगांची बाजू याच्या उलट असते. आकारांचा नियम मात्र तोच राहतो. मार्गाला फाटा फुटतो तेथे बोयावर दुसऱ्या रंगाचा आडवा पट्टा असतो. त्याचा मुख्य रंग प्रमुख मार्ग कोणत्या बाजूस आहे ते सांगतो.

येथे एक गोंधळ नेहमी होतो. नदीचा डावा व उजवा तीर हे प्रवाहाच्या दिशेकडे तोंड करून ठरवितात. नावेची डावी व उजवी बाजू नावेच्या तोंडावरून ठरते. भंडारा शहर वैनगंगेच्या उजव्या तीरावर आहे, तर समोरचे कारधा डाव्या तीरावर. गोसेखुर्दच्या बाजूने उगमाकडे येणाऱ्या नावेला मात्र भंडारा डाव्या हाताला व कारधा उजव्या हाताला दिसते. या टापूत ‘अ’ विभागाच्या नियमाने बोये मांडावयाचे झाल्यास लाल बोये भंडाऱ्याच्या बाजूस व हिरवे कारध्याच्या बाजूस येतील. यूरोपातील अंतर्गत जलमार्गांवरही उजव्या तीराकडील कडेस लाल व डाव्या तीराकडील कडेस हिरवा रंग असतो. म्हणजे दोन्ही नियम एकच व्यवस्था दोन प्रकारे सांगतात.

एका बोयावरून मार्ग कळत नाही. मागचा बोया, जवळचा बोया व पुढचा बोया असे तीन एकाच वेळी लक्षात घेतले म्हणजे मार्गाचे वळण स्पष्ट होते. नाव ज्या रेषेत चालली आहे तिच्यापासून ती प्रवाहामुळे बाजूला सरकत आहे की काय, हे मागे वळून पाहिल्यानेच समजते.

जलाशयातील खुणा : विस्तीर्ण जलाशयात प्रवाह जाणवत नाही व ‘आत’ आणि ‘बाहेर’ या दिशांना फारसा अर्थ उरत नाही. तेथे दिशादर्शक बोये उपयोगी पडतात. ते काळ्या व पिवळ्या पट्ट्यांचे असून त्यांवर दोन काळे शंकू असतात. दोन्ही टोके वर असल्यास सुरक्षित पाणी बोयाच्या उत्तरेस, दोन्ही खाली असल्यास दक्षिणेस असते. शंकूंचे तळ एकमेकांकडे असल्यास पूर्वेस व टोके एकमेकांकडे असल्यास पश्चिमेस असते. काळ्या अंगावर लाल पट्टा व वर दोन काळे गोल असलेला बोया एकाकी अडथळा दाखवितो. त्याच्या सभोवती पाणी खोल असते. लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा बोया सर्व बाजूंनी सुरक्षित पाणी असल्याचे सांगतो. पिवळा बोया राखीव किंवा निषिद्ध क्षेत्राची हद्द दाखवितो. धरणाचे दरवाजे, पाणी उचलण्याचे विहिरीसारखे बांधकाम किंवा पोहण्याची जागा यांच्याभोवती तो वापरता येतो.

भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवर बांधलेल्या गोसेखुर्द (इंदिरासागर) धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. या धरणास ३३ दरवाजे आहेत. त्याच्या फुगवट्याचे पाणी भंडारा शहरापर्यंत पोहोचते. पूर्वी गावे, शेते, झाडे व रस्ते असलेली जमीन आज या पाण्याखाली आहे. अशा जलाशयात सर्वांत मोठा धोका पूर्ण भरलेल्या पाण्यात नसतो आणि पुष्कळ उतरलेल्या पाण्यातही नसतो. पूर्ण भरल्यावर बुंधे व भिंती पुष्कळ खाली असतात. पाणी फार उतरल्यावर त्या उघड्या पडून दिसतात. या दोहोंमधील पातळीवर त्या पृष्ठभागाच्या हातभर खाली येतात, डोळ्यांना दिसत नाहीत, पण नावेच्या तळाला वा पंख्याला लागतात. म्हणून जलाशयातील अडथळ्याची खूण कोणत्या पातळीस किती पाणी आहे या माहितीसह वाचावी लागते. नाव सोडण्यापूर्वी धरणाची त्या दिवसाची पातळी पाहणे हे बोया पाहण्याइतकेच महत्त्वाचे आहे. जलपर्णीचे तरंगते थर हा या पाण्यातील आणखी एक अडथळा आहे. ते पंख्यात गुंततात, वाऱ्याने सरकतात व लहान बोयांना झाकून टाकतात.

बोयांच्या मर्यादा : मोठ्या पुरात बोया वजनासह वाहून जातो, तुटतो किंवा वाहत आलेल्या झाडांखाली दबतो. पूर ओसरल्यावर तो पूर्वीच्या जागी दिसला, तरी त्याच्या शेजारची खोली पूर्वीचीच असेल असे नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेस आलेल्या पुरात भंडारा शहराच्या सखल भागांत पाणी शिरले होते. अशा पुरानंतर खोलीचे नव्याने मापन करून बोये पुन्हा मांडल्यावाचून जुन्या खुणांवर विश्वास ठेवणे धोक्याचे ठरते. मापनासाठी प्रतिध्वनी-खोलीमापक वापरतात. लहान नावेत खुणा केलेला बांबू किंवा शिशाचा गोळा बांधलेली दोरीही पुरते.

खूण व प्रत्यक्ष पाणी यांत विसंगती दिसल्यास पाण्याची साक्ष अधिक विश्वसनीय मानावी. मार्गात एकाएकी बारीक लहरींचा आडवा पट्टा दिसणे, बगळे पाण्यात उभे असणे किंवा प्रवाहात उंच न उठणारी पण एकाच जागी टिकून राहणारी लाट दिसणे ही उथळपणाची लक्षणे होत. बोयामागे उठणारी फेसाची रेघ प्रवाहाची दिशा व जोर दाखविते; बोया आपला रंग सांगतो त्याहून कित्येकदा अधिक माहिती ती रेघ देते.

नाव रुतल्यास : प्रवाहाविरुद्ध जाताना नाव रुतली तर प्रवाह तिला मागे, म्हणजे ज्या खोल पाण्यातून ती आली त्याकडे, ढकलतो, सुटका सहसा सोपी असते. प्रवाहाबरोबर जाताना रुतलेली नाव मात्र दांड्यावर आणखी वर चढते व आडवी होऊन कलंडण्याचा संभव असतो. त्यामुळे खाली येताना वेग मर्यादित ठेवावा लागतो. पाणी चढत असेल तर थोड्या वेळाने नाव आपोआप तरंगते. ओसरत असेल तर प्रत्येक घटकेस ती अधिक घट्ट बसते. रुतल्याबरोबर यंत्र थांबवावे, प्रवाशांना जागेवर बसवून तरणजाकिटे घालावयास लावावीत व तळातून पाणी येते काय ते पाहावे. त्यानंतर भोवतालची खोली मोजून खोल पाण्याच्या बाजूस नांगर टाकावा व त्याच्या दोरावर नाव ओढून घ्यावी. यंत्राच्या जोरावर पुढे रेटणे हा सर्वांत वाईट उपाय होय. त्याने रेती पंख्यात व थंड पाण्याच्या नळ्यांत शिरते आणि नाव अधिक रुतते. प्रवाशांनी घाबरून एका बाजूस धाव घेतल्यास केवळ अडकलेली नाव उलटून जीवितहानी होऊ शकते.

भारतातील व्यवस्था : अंतर्गत जलमार्गांच्या विकासासाठी भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाची स्थापना २७ ऑक्टोबर १९८६ रोजी झाली. गंगा-भागीरथी-हुगळीचा प्रयागराज ते हल्दिया हा १,६२० किमी. लांबीचा पट्टा हा पहिला राष्ट्रीय जलमार्ग होय. गंगा व ब्रह्मपुत्रा यांत कमी पाण्याच्या काळात बांबूचे आडोसे तिरके उभारून प्रवाह एका धारेत वळविण्याची जुनी पद्धत आहे. त्यांना बांदाल म्हणतात. त्यामुळे धार आपला तळ स्वतः खोल करते आणि बोये त्या धारेच्या कडांना मांडता येतात. महाराष्ट्रात अशा प्रकारची जड वाहतूक मुख्यतः भरतीच्या खाड्यांत आढळते. रायगड जिल्ह्यात अंबा नदीच्या खाडीतून धरमतरकडे कोळसा व लोहखनिज वाहून नेणारे पडाव भरतीची वेळ साधून चालतात. अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१ या कायद्याने १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली असून नावांची नोंदणी, तपासणी, चालकांची पात्रता व जीवरक्षक साधने यांविषयी तरतुदी केल्या आहेत.

वैनगंगेच्या खोऱ्याला जलमार्गाने समुद्राशी जोडण्याची कल्पना नवी नाही. सर आर्थर कॉटन यांच्या पुरस्कारामुळे एकोणिसाव्या शतकात ऊर्ध्व गोदावरी जलमार्गाची योजना हाती घेण्यात आली. नागपूर व वर्धा भागांतील कापूस गोदावरीमार्गे पूर्व किनाऱ्यास नेणे हा तिचा उद्देश होता. दुम्मागुडेम, एंचमपल्ली व अहेरीजवळील देवलमरी येथील खडकाळ उतार हे तीन मुख्य अडथळे होते. ते बंधारे, कालवे व जलपाशांच्या साहाय्याने टाळावयाचे होते. तथापि १८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग नागपुरास पोहोचला, वर्षातील पुष्कळ महिने नदीत पुरेसे पाणी नसे आणि खर्च वाढत गेला. १८७१ मध्ये काम थांबविण्यात आले.

राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ याच्या अनुसूचीतील १११ जलमार्गांत वैनगंगा-प्राणहितेचा समावेश झाला. गोसेखुर्दच्या जलाशयावर जलपर्यटनाचा प्रकल्पही २०२४ मध्ये हाती घेण्यात आला. त्याच वर्षी जानेवारीत गडचिरोली जिल्ह्यात याच नदीत शेतमजूर स्त्रियांची नाव उलटून जीवितहानी झाली. नदी ओलांडून कामावर जाणाऱ्यांची लहान नाव असो की पर्यटकांची मोठी, दोहोंना एकच पाणी पार करावयाचे असते. अनुसूचीत नाव आल्याने नदी नौकागम्य होत नाही. दर पावसाळ्यानंतर केलेले खोलीचे मापन, योग्य जागी पुन्हा मांडलेले बोये, रोज जाहीर होणारी पाणीपातळी आणि त्यांचा अर्थ जाणणारा नावाडी या चार गोष्टी एकत्र आल्या म्हणजेच नदी खऱ्या अर्थाने जलमार्ग होते. यांपैकी पहिल्या तिन्हींची व्यवस्था शासनास करता येते. चौथीसाठी ढिवर नावाड्यांचे पारंपरिक ज्ञान व खुणांचे आधुनिक नियम यांची सांगड घालणारे प्रशिक्षण आवश्यक आहे.